चिवडा, काळा मसाला आणि कस्टम्सचा फॉर्म : परदेशी राहायला जाताना घरचे खाद्यपदार्थ कसे न्यावेत

परदेशातील विमानतळावर उतरल्यावर सामानाविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक प्रश्न जवळजवळ सगळीकडे असतो: आपण सोबत खाद्यपदार्थ, फळे, भाज्या, बियाणे, मांस किंवा दुधाचे पदार्थ आणले आहेत का? नाशिकहून चिवडा, पापड आणि वर्षभराचा मसाला घेऊन निघालेल्या माणसाचे खरे उत्तर ‘हो’ असेच असते, आणि तरीही अनेक जण पदार्थ जप्त होईल या भीतीने ‘नाही’वर खूण करतात. ही भीती चुकीच्या जागी आहे. जाहीर केलेला पदार्थ त्या देशात चालत नसेल, तर सामान्यतः तो फक्त काढून घेतला जातो. न सांगितलेला पदार्थ बॅगेत सापडला, तर दंड होतो आणि काही देशांत व्हिसावरही गदा येऊ शकते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी काही वर्षांच्या मुक्कामाला निघालेल्यांनी ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, आणि मग पुढची तयारी निर्धास्तपणे करावी.

नियमांमागचे कारण आधी समजून घ्यावे

कारण समजले की यादी पाठ करावी लागत नाही. आपल्याकडच्या जनावरांना होणारा लाळ्या-खुरकूत हा रोग ज्या देशांत नाही, ते देश दूध आणि मांसाच्या पदार्थांबाबत अतिशय कडक असतात, कारण त्याचा विषाणू अशा पदार्थांतून प्रवास करू शकतो. तांदूळ आणि हरभऱ्यावर अमेरिकेची नजर आहे ती खापरा किडीमुळे. ही कीड मूळची भारतीय उपखंडातली मानली जाते आणि तिच्या अळ्या खाण्यावाचून दीर्घकाळ तग धरतात. ताज्या फळांतून फळमाशी जाते, कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांतून संत्रा-लिंबाच्या बागांना ग्रासणारा रोग व तो पसरवणारी कीड जाते.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. निर्यातीच्या कंटेनरमागे किती तपासण्या आणि दाखले लागतात, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर आणि त्यासोबत वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्यावर बंदी घातली होती, तीही मालात फळमाशी आणि इतर किडी आढळल्यामुळे. आंब्यावरची बंदी २०१५च्या जानेवारीत उठली. दुसरीकडे २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेत पुन्हा जाऊ लागला, तो आपल्याच लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया, म्हणजे किडी निकामी करणारा किरणांचा मारा होऊन. अशी प्रक्रिया आणि दाखला असलेली पेटी अमेरिकेत जाते, म्हणून बॅगेत ठेवलेले सहा हापूसही चालतील असा समज करून घेऊ नये. प्रवाशाच्या सामानातल्या त्या आंब्यांना ना प्रक्रिया झालेली असते, ना त्यांच्यासोबत दाखला असतो. ताजी फळे, ताज्या भाज्या, मिरच्या आणि आले-लसूण घरीच ठेवावेत, हा सर्वांत सोपा नियम आहे.

आधी देश, मग यादी

तिकीट निघाल्यावर पहिले काम म्हणजे जाणाऱ्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ उघडून आपल्या पदार्थांचे नियम वाचणे. नातेवाइकांचा ‘आम्ही तर नेले होते, कोणी विचारले नाही’ हा अनुभव उपयोगाचा नसतो, कारण नियम बदलतात आणि प्रत्येक बॅग उघडली जातेच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ‘बायकॉन’ आणि कॅनडाच्या ‘एअर्स’ या यंत्रणांत पदार्थाचे नाव आणि तो कोणत्या देशातून येतो हे भरले की अटी दिसतात. अमेरिकेसाठी तेथील कस्टम्स आणि सीमा सुरक्षा विभागाचे व कृषी विभागाचे, तर ब्रिटनसाठी सरकारचे मुख्य संकेतस्थळ पाहावे. आपण ज्या पानावर नियम वाचला, त्याची प्रत मोबाईलमध्ये जपून ठेवावी.

अमेरिकेत भारतातून मांस आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. खापरा किडीच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात तांदूळ, कच्चे हरभरे, सोयाबीन आणि करडई यांना मनाई आहे. घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी कितीही सुवासिक असला तरी तो न्यायचा नाही, मग पिशवी पाच किलोची असो की अर्ध्या किलोची. ताजा कढीपत्ताही चालत नाही. वाळवलेले बहुतेक मसाले, चहा, भाजलेले दाणे, बिस्किटे आणि कारखान्यात बंद केलेली लोणची सहसा अडत नाहीत, पण तीही सांगावीच लागतात. न सांगितल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा मोठा दंड सामान्य प्रवाशाला क्वचितच होतो, तरी शेकडो डॉलरचा दंडसुद्धा नव्याने पोचलेल्या विद्यार्थ्याला झेपणारा नसतो.

ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या देशांत भारतातून मांस आणि दूध, तसेच त्यांचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, कुंदा, खवा, चक्का आणि घरचे तूप यांचा विचार तिथे सोडून द्यावा. ब्रिटनमध्ये बिस्किटे, चॉकलेट आणि ताजे क्रीम नसलेले केक यांना सवलत आहे, पण प्रक्रिया न केलेले दुधाचे घटक असलेल्या मिठाईला ती लागू होत नाही. युरोपीय संघात ताज्या फळांपैकी अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढीच पाच फळे दाखल्यावाचून चालतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे या बाबतीत सर्वांत कडक देश. ऑस्ट्रेलियात भारतातल्या दुधाच्या मिठाया, उगवू शकणारे बी आणि ताजा माल चालत नाही. २०१९पासून जैवसुरक्षेचे गंभीर उल्लंघन केल्यास काही प्रकारचे व्हिसा विमानतळावरच रद्द करण्याची तरतूद तिथे आहे. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेली धोक्याची वस्तू सापडल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आकारला जातो, आणि मध अजिबात नेता येत नाही. कॅनडात माहिती दडवल्यास १,३०० कॅनडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

दुबई, अबुधाबी, सौदी अरेबिया आणि सिंगापूर यांचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे आणि आपल्या घरांत त्याची पुरेशी जाणीव नाही, म्हणून ठळकपणे सांगावेसे वाटते: या देशांत खसखस निषिद्ध आहे. ती अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे तिथे तिचा विचार अमली पदार्थांच्या कायद्याखाली होतो, आणि ‘आमच्या स्वयंपाकात वापरतात’ हे उत्तर पुरे पडत नाही. खसखशीची पुडी न ठेवणे एवढ्याने काम भागत नाही. अनारशाला लावलेली खसखस, करंजीच्या सारणातली खसखस आणि गोड्या किंवा काळ्या मसाल्यात भाजून घातलेली खसखस, तिन्ही आठवून वगळावी लागते. अमेरिकेला किंवा युरोपला जाताना विमान या देशांत बदलायचे असले, तरी हीच काळजी घ्यावी. अमिरातीत विड्याची पाने, पान आणि गुटखाही चालत नाहीत.

पदार्थांची छाननी

डायनिंग टेबलावर सगळे पदार्थ मांडून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हे मातीत टाकले तर उगवेल का? यात दूध, मांस, अंडे किंवा मध आहे का? हे ताजे, ओलसर किंवा पान-फूल-फळाच्या मूळ रूपात आहे का? तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर तो पदार्थ बहुतेक देशांत निभावून जाण्याची शक्यता चांगली असते. एखादे उत्तर ‘हो’ आले, तर त्या देशाचा नियम पुन्हा वाचावा, आणि शंका राहिलीच तर पदार्थ बाजूला ठेवावा.

या कसोटीवर मटकी, वाल, अख्खे मूग आणि चवळी मागे पडतात. त्या उसळी तिथल्या भारतीय दुकानातल्या कडधान्यांवर कराव्या. सोललेल्या, फोडलेल्या डाळी उगवत नाहीत, त्यामुळे त्यांची अडचण कमी असते, मात्र त्यांना कीड लागू शकते हे विसरू नये. ज्वारी, बाजरी आणि नागली यांचे दाणे न नेता पीठ न्यावे, तेही थोडे, कारण बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट या दृष्टीने फार सोयीचे आहेत: धान्ये भाजलेली असतात, दळलेली असतात, टिकतात, आणि परदेशी दुकानात घरच्या चवीचे सहसा मिळत नाहीत. मोहरी आणि मेथीदाणा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला अख्खे नेण्यापेक्षा तिथेच विकत घ्यावे.

वजनाचा हिशेबही याच टेबलावर करावा. परदेशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत तूरडाळ, कणीक, पोहे, साबुदाणा मिळतो. त्यावर किलोंमागून किलो खर्च करण्यात अर्थ नाही. घरच्या हाताचा काळा मसाला, भाजणी, कुरडया, नागलीचे पापड, जवसाची चटणी, मेतकूट यांना जागा द्यावी. पहिल्या दोन महिन्यांपुरते, म्हणजे एका माणसाच्या वापराला साजेल इतकेच न्यावे. एकाच पदार्थाची दहा पाकिटे दिसली की ती विक्रीसाठी आहेत का, असा प्रश्न येतो.

दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्यांनी फराळाचा डबा उघडून एकेक पदार्थ बारकाईने पाहावा. चकली, कडबोळी आणि शेव तेलात तळलेली आणि कोरडी असल्याने त्यांची चिंता नसते. चिवड्यात तळलेला कढीपत्ता दिसतो. पान तळलेले असले तरी ते ओळखू येते आणि त्यावरून प्रश्न वाढतात, म्हणून नेण्यासाठीचा चिवडा कढीपत्त्याविना करावा आणि त्यात खोबऱ्याचे काप न घालता शेंगदाणे व डाळे जास्त घालावेत. शंकरपाळ्यांचे पीठ दुधात भिजवण्याऐवजी पाण्यात भिजवता येते. बेसनाच्या लाडवात तूप असते, त्यामुळे दुधाच्या पदार्थांना मनाई असलेल्या देशांत तो टाळावा किंवा निदान स्पष्टपणे सांगावा. अनारसे आणि करंज्या आखाती देशांत व सिंगापूरला खसखशीमुळे बाद.

प्रसादाबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण त्यावरून घरात मतभेद होतात. वणीच्या गडावरचा किंवा त्र्यंबकेश्वराचा प्रसाद अधिकाऱ्याच्या दृष्टीने खाद्यपदार्थच असतो. पेढा, फुले, बेलपान, नारळ यांऐवजी खडीसाखर न्यावी. श्रद्धाही राखली जाते आणि अडचणही येत नाही. कुंडीतली तुळस, तिच्या मंजिऱ्या आणि माती यांना मात्र कोणत्याच देशात असा सोपा मार्ग नाही.

काळा मसाला, लोणचे आणि मनुका

मसाला नेण्यासाठी वेगळा करावा. नेहमीच्या वर्षाच्या मसाल्यातून काढून देण्यापेक्षा किलोभर मसाला स्वतंत्र कुटून घेणे चांगले, कारण मग त्यात काय आहे आणि काय नाही हे खात्रीने सांगता येते. खसखस देशानुसार वगळावी. खोबरे, धने आणि इतर मसाले घरी नीट भाजून, पूर्ण गार करून मगच कांडपाला द्यावेत. गरम असताना डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि लांबच्या प्रवासात बुरशी येते. कांडपावर आपल्या आधी कोणाचा मसाला कुटला गेला हे विचारून घ्यावे, म्हणजे आखाती देशात जाणाऱ्यांच्या मसाल्यात दुसऱ्याची खसखस मिसळणार नाही. कुटून आणल्यावर मसाला चाळून, ताटात पसरून एक रात्र राहू द्यावा आणि नंतर पाव-पाव किलोच्या जाड पिशव्यांत भरून हवा काढून सील करावा. एकच मोठी पिशवी केली आणि ती तपासणीसाठी फोडली गेली, तर सगळा मसाला उघडा पडतो. लहान पिशव्यांत एकच फुटते.

लोणच्याची बरणी आईने किंवा आजीने भरून दिलेली असते, त्यामुळे इथे सल्ला देणे अवघड आहे, तरीही द्यायला हवा. घरच्या लोणच्यावर घटकांचे लेबल नसते, आतले काय आणि कसे शिजवले हे अधिकाऱ्याला कळत नाही, आणि तेल गळाले तर बॅगेतले कपडे-कागद खराब होतात. पहिल्या खेपेला कंपनीचे सीलबंद लोणचे न्यावे. घरचेच न्यायचे असेल तर ते काढून घेतले जाईल अशी मनाची तयारी ठेवावी आणि बरणीऐवजी दुहेरी सील केलेल्या पिशवीत, तीही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पिंपळगाव-निफाड भागातले बेदाणे सुटे घेऊ नयेत. पॅकबंद, स्वच्छ आणि पूर्ण वाळलेले घ्यावेत. सुकामेवा हा तपासणीचा विषय आहेच, त्यामुळे त्याची नोंद यादीत न चुकता करावी.

लेबल आणि यादी

कंपनीचा पदार्थ त्याच्या मूळ पाकिटातच न्यावा. वजन वाचवायला पाकीट फोडून पदार्थ डब्यात ओतला की त्याची ओळखच हरवते. बचत गटाकडून किंवा ओळखीच्या ताईंकडून पापड, कुरडया घेणार असाल, तर पदार्थाचे नाव, घटक, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापलेले पाकीट मागावे. अनेक गट असे पाकीट देतात. घरी केलेल्या पदार्थांवर स्वतः चिठ्ठी चिकटवावी.

ही चिठ्ठी इंग्रजीत, ठळक अक्षरांत आणि समजेल अशा शब्दांत हवी. ‘मेतकूट’ किंवा ‘भाजणी’ एवढेच रोमन लिपीत लिहून काही साधत नाही; ‘भाजलेल्या डाळी-तांदळाचे पीठ, मसाल्यासह’ असे वर्णन इंग्रजीत लिहावे आणि खाली घटक द्यावेत. याच क्रमाने एका कागदावर पूर्ण यादी टाइप करावी: पदार्थ, वर्णन, घटक, वजन, घरचा की विकतचा, आणि कोणत्या बॅगेत आहे. दोन प्रती काढाव्यात, एक पासपोर्टसोबत आणि एक बॅगेत सर्वांत वर. सगळे खाद्यपदार्थ शक्य तो एकाच बॅगेत ठेवावेत, म्हणजे तपासणीसाठी दुसरी बॅग उघडावी लागत नाही आणि कपड्यांच्या घड्या मोडत नाहीत. हिंगाची डबी मात्र आणखी एका हवाबंद डब्यात घालावी, नाहीतर त्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूला तिचा वास लागतो.

मुंबई विमानतळावर

नाशिककरांचा परदेश प्रवास बहुधा मुंबईहून सुरू होतो आणि कसारा घाट उतरून विमानतळावर पोचल्यावर बॅग उघडून सामान हलवणे फार त्रासाचे होते, म्हणून पुढच्या गोष्टी घरीच तपासाव्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात ठेवू नयेत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेण्याच्या धोक्याच्या वस्तूंत मोडतात आणि विमान कंपन्या त्या घेत नाहीत. मसाल्यासाठी लागणारे खोबरे भाजून कुटलेल्या रूपातच न्यावे. लोणचे, तूप, तेल आणि मसाल्यांच्या पुड्या चेक-इन बॅगेत ठेवाव्यात. केबिन बॅगेत द्रव पदार्थाची मर्यादा १०० मिलिलिटरची असते, आणि अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त आकारमानाची कोणतीही पूड केबिनमध्ये असल्यास जादा तपासणी होते. एका बॅगेचे वजन किती चालेल ते तिकिटावर पाहून घरच्या काट्यावर मोजावे.

उतरल्यावर

विमानात किंवा उतरल्यावर फॉर्म भरायचा असेल, तर खाद्यपदार्थांच्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहावे. अमेरिकेत आता अनेक ठिकाणी हा प्रश्न तोंडी किंवा यंत्रावर विचारला जातो, तिथेही तेच उत्तर. ब्रिटन आणि युरोपात फॉर्मऐवजी हिरवी आणि लाल अशा वाटा असतात. मनाईच्या यादीतले काही आपल्याकडे असण्याची शंका असेल, तर लाल वाटेने जावे. मध्येच अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहराचे विमान पकडायचे असले, तरी कस्टम्सची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते आणि बॅग तिथे स्वतः उचलावी लागते. त्यासाठी दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तपासणीपूर्वी वस्तू टाकून देण्यासाठी डबे ठेवलेले असतात. वाटेत विमानात मिळालेले सफरचंद किंवा हातातला अर्धा सँडविच तिथेच टाकावा. घरचे सगळे नीट सांगून विमानातल्या फळासाठी दंड भरण्यासारखी वाईट गोष्ट नाही.

अधिकाऱ्याने विचारल्यावर यादी पुढे करावी आणि थोडक्यात सांगावे: ‘हो, माझ्याकडे वाळवलेले मसाले, भाजलेली पिठे आणि तळलेले कोरडे पदार्थ आहेत; मांस, ताजी फळे किंवा बियाणे नाही.’ ‘फक्त थोडा खाऊ आहे’ असे मोघम उत्तर देऊ नये. त्याने एखादे पाकीट बाजूला ठेवले तर वाद घालू नये, कारण लिखित नियम काहीही असला तरी त्या वस्तूबाबत अंतिम निर्णय त्या जागी तोच करतो. आपण वाचलेल्या नियमाची प्रत नम्रपणे दाखवायला हरकत नाही. मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या बॅगेत काय आहे हेही घरातल्या एकाने जाणून घेतलेले असावे, कारण ज्येष्ठ मंडळींच्या हातात शेवटच्या क्षणी कोणीतरी लाडवाचा डबा दिलेला असतो आणि तो यादीत नसतो.

घरून येणारी पार्सले

मुक्काम स्थिर झाल्यावर घरून पार्सल मागवायचे असेल, तर किडी आणि रोगांविषयीचे नियम टपालाला आणि कुरिअरलाही लागू असतात. फरक एवढाच की तिथे उत्तर द्यायला आपण हजर नसतो, म्हणून पेटीवरच्या घोषणापत्रात ‘घरगुती वस्तू’ किंवा ‘भेटवस्तू’ असे मोघम न लिहिता प्रत्येक पदार्थाचे नाव, घटक आणि वजन लिहायला घरच्यांना सांगावे. पेटी भरण्यापूर्वी आपण केलेल्या यादीची प्रत त्यांच्याकडे पाठवावी, आणि कुरिअर कंपनी त्या देशात घरी केलेले खाद्यपदार्थ स्वीकारते का, हे पैसे भरण्याआधी तिच्या कार्यालयात विचारून घ्यायला लावावे.